मिनेसोटातील सोमाली समाज आणि परदेशातील पूर्व आफ्रिकी स्थलांतरितांचे परस्परसाहाय्य

उत्तरवारा (धागाकर्ती)

अमेरिकेतील स्थलांतरितांविषयी आपल्यात बोलणे निघाले की ते बहुधा आपल्याच लोकांचे व्हिसा, नोकऱ्या आणि घरांच्या किमती यांपाशी थांबते. मी मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस शहरात राहते. येथे माझ्या शेजारी, बसमध्ये, मुलांच्या शाळेत सोमालियातून आलेली कुटुंबे आहेत आणि त्यांनी एकमेकांना सावरून घेण्याची जी घडी बसवली आहे, तिच्याविषयी मराठीत सविस्तर लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली, यादवी पेटली आणि लाखो माणसे केनिया, इथिओपिया व येमेनकडे निघाली. केनियातील दादाबच्या छावण्या त्याच सुमारास उभ्या राहिल्या. तेथे वर्षानुवर्षे काढलेली अनेक कुटुंबे पुढे निर्वासित म्हणून अमेरिकेत आली. मिनेसोटाकडे त्यांचा ओघ वळला तो दोन गोष्टींमुळे. व्हिएतनाम युद्धानंतर लाओसमधून आलेल्या ह्मोंग लोकांमुळे येथील ल्यूथरन व कॅथलिक संस्थांना पुनर्वसनाच्या कामाचा सराव झालेला होता. आणि मार्शल, विल्मर, फारिबो अशा गावांतील मांसप्रक्रियेच्या कारखान्यांत इंग्रजी न येणाऱ्यालाही काम मिळत होते. एकाला काम लागले की तो भावाला बोलावी, भाऊ मेव्हण्याला.

निर्वासित कुटुंबाला सरकारी योजनेतून सुरुवातीचे साधारण तीन महिने आधार मिळतो. त्याच वेळी त्यांच्या विमानभाड्याचे बिनव्याजी कर्ज त्यांच्याच नावावर असते आणि काही महिन्यांनी त्याचे हप्ते सुरू होतात. तीन महिन्यांत माणूस फार तर कोणती बस कुठे जाते एवढे शिकतो. बाकी सगळा भार आधी येऊन स्थिरावलेल्यांवर पडतो: भाडेकरारावर जामीन म्हणून सही करणे, मुलांची नावे शाळेत घालणे, दवाखान्यात दुभाषा म्हणून बसणे, पहिल्या हिवाळ्याचे कोट आणि बूट जमवणे.

या सगळ्याचा कणा म्हणजे हगबाद. काही जण तिला अयुतोही म्हणतात. मराठी वाचकाला ती भिशी म्हटली की पुरेसे कळेल. दहा-बारा जणी दर महिन्याला ठरलेली रक्कम जमा करतात आणि जमलेली सगळी रक्कम पाळीपाळीने एकीला मिळते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चिठ्ठी टाकतात. येथे मी पाहिलेल्या गटांत कोणाची नड मोठी आहे ते पाहून पाळी ठरते आणि वेळ आली तर ती दुसरीला सोडली जाते. बहुतेक सोमाली लोक मुस्लिम असून व्याज देणे-घेणे त्यांना धर्माने निषिद्ध आहे, त्यामुळे दुकानाची अनामत, मालट्रकचा पहिला हप्ता, विमानाची तिकिटे, मुलीचे लग्न अशा मोठ्या खर्चांना बँकेपेक्षा हगबादच जवळची वाटते.

लेक स्ट्रीटजवळच्या कार्मेल मॉलमध्ये हे चालते कसे ते पाहता येते. तेथील बरेचसे गाळे इतके अरुंद आहेत की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. वर पातळ कापडाचे दिराक, म्हणजे बायकांचे पायघोळ झगे, टांगलेले, खाली गालिचे आणि अत्तरे, उन्सी धुपाचा वास, आणि वेलची-दालचिनी घातलेल्या चहाचे कागदी पेले हातोहात फिरत असतात. माझ्या ओळखीच्या एका वयस्क दुकानदार बाईंना आसपासच्या तरुण मुली एद्दो, म्हणजे आत्या, म्हणतात. त्यांच्या गल्ल्याखाली शाळेची साधी वही असते. दुपारच्या नमाजानंतर एकेक जण येते, घडी घातलेल्या नोटा देते, एद्दो त्या मोजतात, नावापुढे खूण करतात आणि वही परत आत जाते. पावती नाही, सही नाही. करविवरणपत्रे मोफत भरून देण्याच्या केंद्रावर मी दर वर्षी काम करते. वर्षभर हातावर पोट असलेल्या बाईने एवढे मोठे दुकान कसे उभे केले, हा प्रश्न तेथे नव्या स्वयंसेवकांना पडतो आणि त्याचे उत्तर त्या वहीत असते.

याला आपण सहज दिलदारपणा म्हणतो आणि त्यांच्या स्वभावाचे कौतुक करून मोकळे होतो. मला ते अपुरे वाटते. ही हिशेबाने आणि शब्दाने बांधलेली जबाबदारी आहे, आणि ती पेलणारे बहुतेक जण स्वतःच जेमतेम कमावतात. तिचा भार कोण उचलते आणि बाहेरचे नियम तिला कुठे बळ देतात, कुठे तोडतात, यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे. इतर देशांत आणि शहरांत राहणाऱ्यांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत.

पोटोमॅककाठ

उत्तम विषय. मी वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात राहतो आणि येथे इथिओपियन लोकांची वस्ती मोठी आहे. १९७४ च्या क्रांतीनंतर लष्करी राजवटीच्या काळात जे शिकायला किंवा नोकरीसाठी आलेले होते ते परतले नाहीत, आणि १९८० च्या निर्वासित कायद्यानंतर त्यांच्यात आणखी भर पडली. आर्लिंग्टनमध्ये १९८३ साली स्थापन झालेली इथिओपियन कम्युनिटी डेव्हलपमेंट कौन्सिल पुढे कोणत्याही देशाच्या निर्वासितांचे पुनर्वसन करू लागली, हे मला फार मोलाचे वाटते.

त्यांच्यात ही कामे दोन निरनिराळ्या मंडळ्यांत वाटलेली असतात. इकुब ही बचतीची, तुम्ही वर्णन केलेल्या हगबादसारखीच. इद्दिर मात्र मृत्यूच्या प्रसंगासाठी असते. अदिस अबाबात इद्दिरच्या मालकीचे तंबू, बाके आणि भांडी असतात. लेखी नियम असतात, आणि सभासदाच्या घरच्या अंत्यविधीला जो येत नाही त्याला दंड होतो. परदेशात तंबूचे काम उरले नाही, पण वर्गणी राहिली, कारण येथील अंत्यसंस्काराचा खर्च आणि पार्थिव मायदेशी नेण्याचा खर्च एका कुटुंबाला झेपत नाही. नव्या सभासदाला काही काळ वर्गणी भरल्यावरच हक्क मिळतो, म्हणजे विम्याची शिस्त येथेही पाळली जाते.

मला सर्वांत जास्त भिडली ती त्यांची मर्दोची रीत. गावाकडे कोणी वारल्याची बातमी ते ज्याचे माणूस गेले त्याला फोनवर सांगत नाहीत. बातमी आधी मित्रांना आणि वडीलधाऱ्यांना कळवली जाते आणि मग चार-पाच जण पहाटे, तो कामाला निघण्याआधी, त्याच्या दारात जातात. माझ्या एका सहकाऱ्याचे वडील गोंदरला वारले तेव्हा त्याच्या इमारतीखाली उजाडण्यापूर्वी तीन टॅक्सी उभ्या होत्या. चालक रात्रपाळी संपवून थेट आलेले होते. त्यांनी त्याला बसवले, बातमी सांगितली आणि दुपारपर्यंत कोणीही हलले नाही. पुढचे काही दिवस त्या घरात चूल पेटली नाही. इंजेरा, म्हणजे त्यांची आंबवलेल्या पिठाची भाकरी, आणि कालवणे इतर घरांतून येत राहिली आणि कोणी कधी काय आणायचे हे इद्दिरच्या सचिवाने ठरवून दिलेले होते.

हिशेबवही

धागाकर्तीने बाहेरच्या नियमांचा उल्लेख केला आहे, त्यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझे काम वित्तव्यवहारांच्या नियमपालनाशी संबंधित आहे.

सोमालियात १९९१ नंतर चालती बँकव्यवस्थाच उरली नाही. त्यामुळे परदेशातील नातलगांचा पैसा हवाला कंपन्यांमार्फत जाऊ लागला. आपल्याकडे हवाला म्हटले की काळा पैसाच डोळ्यांसमोर येतो, पण सोमाली कंपन्यांचा व्यवहार उघड, परवानाधारक दुकानांतून चालतो: मिनियापोलिसमध्ये पैसे भरले की तिकडचा प्रतिनिधी लवकरच आईच्या हातात रक्कम देतो आणि कंपन्यांचा आपापसांतील हिशेब नंतर मिटवला जातो. सोमालियात या मार्गाने दरवर्षी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम जाते, असे अंदाज आहेत.

७ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकी सरकारने त्या वेळच्या सर्वांत मोठ्या अल-बरकात या कंपनीची मालमत्ता गोठवली आणि तिच्या मिनियापोलिससह अनेक शहरांतील कचेऱ्यांना टाळे लागले. दहशतवादाला पैसा पुरवल्याचा आरोप होता. मात्र ९/११ आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याला थेट पुरावा आढळला नसल्याचे नमूद आहे. ज्यांची रक्कम वाटेत अडकली ती सामान्य माणसे होती.

दुसरा आघात २०११ चा. सोमालियात त्या जुलैत दुष्काळ जाहीर झाला. पुढच्या अभ्यासानुसार त्यात सुमारे २,६०,००० माणसे मेली आणि त्यांतील निम्मी पाच वर्षांखालील मुले होती. त्याच वर्षाच्या अखेरीस, अल-शबाब या सोमालियातील अतिरेकी संघटनेला पैसे पाठवल्याबद्दल मिनेसोटातील दोन स्त्रिया दोषी ठरल्यानंतर, हवाला कंपन्यांची खाती सांभाळणाऱ्या येथील बँकेने जोखीम नको म्हणून ती बंद केली. २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये बार्कलेज बँकेनेही तोच निर्णय घेतला. तेव्हा सोमाली वंशाचे ब्रिटिश धावपटू मो फारा यांनी जाहीरपणे त्याविरुद्ध आवाज उठवला आणि दहाबशील ही सोमाली हवाला कंपनी न्यायालयात गेली. अमेरिकेत ऑगस्ट २०१४ मध्ये पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांच्या तपासणीची पद्धत सुलभ करणारा कायदा झाला, तो मिनियापोलिसचे तेव्हाचे खासदार कीथ एलिसन यांच्या प्रयत्नांमुळे. त्यांच्या मतदारांनी तो विषय लावून धरला होता. समाजाची आपापसांतील वीण घट्ट असली की तिचा उपयोग कायदा बदलण्यासाठीही होतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

काठेवाट

लेखन आवडले, पण एक बाजू राहून जात आहे असे वाटते. सोमाली समाजात कुळाचे, म्हणजे कबीलचे, महत्त्व फार आहे. अपघात, आजारपण किंवा मृत्यू आला की कुळातील लोकांकडून जी वर्गणी, कारान, गोळा होते ती मुख्यतः कुळापुरतीच असते. ज्याचे कूळ मोठे त्याला आधार मोठा. ज्याचे लहान किंवा हलके मानले गेलेले, त्याने काय करायचे? सोमाली बांटू लोकांचे उदाहरण घ्या. त्यांचे पूर्वज आजच्या टांझानिया, मोझांबिक, मलावी या भागांतून गुलाम म्हणून आणलेले होते, आणि सोमालियात त्यांना कायम खालचे स्थान मिळाले. अमेरिकेने २००३ पासून पुढच्या काही वर्षांत त्यांतील बारा हजारांहून अधिक लोकांना आणले. त्यांना या जाळ्यात जागा होती का?

दुसरे असे की ओळखीवर चालणाऱ्या व्यवस्थेचा गैरफायदाही घेतला जातो. मिनेसोटातच मुलांच्या जेवणासाठीचा सुमारे पंचवीस कोटी डॉलरचा केंद्रीय निधी लाटल्याच्या आरोपाखाली सप्टेंबर २०२२ मध्ये जे खटले भरले गेले, त्यांतील बरेच आरोपी याच समाजातील होते. हे टाळून चर्चा पूर्ण होणार नाही.

उत्तरवारा (धागाकर्ती)

काठेवाट, दोन्ही मुद्दे योग्य आहेत.

कुळाबद्दल: कारान कुळावर चालते हे खरे. हगबाद मात्र मी पाहिली ती बहुतेक वेळा गाळ्याच्या शेजारावर, एकाच मजल्यावर राहण्यावर, एकाच पाळीत काम करण्यावर बांधलेली. मिनियापोलिसच्या सीडार-रिव्हरसाइड भागातील रिव्हरसाइड प्लाझा या मनोऱ्यांत सुमारे १,३०० घरे आहेत. तेथे लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या बायका कूळ विचारून गट करत नाहीत. त्यांना पैसे वेळेवर देणारी शेजारीण हवी असते, आणि त्या गटांत मी इथिओपियातील ओरोमो समाजाच्या बायकाही पाहिल्या आहेत. पुरुषांच्या मदतीचे मार्ग कुळाला धरून राहिले आणि बायकांचे शेजाराला धरून पसरले, असे माझे निरीक्षण आहे.

त्या खटल्यांबद्दल: चोरी ती चोरीच, आणि भुकेल्या मुलांच्या नावावर केलेली अधिकच वाईट. ती ज्या संस्थेमार्फत झाली तिची प्रमुख सोमाली नव्हती. पण येथे मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. हगबादमध्ये प्रत्येकीचा पैसा प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर असतो. त्या प्रकरणातला पैसा दूरच्या सरकारी खात्यातून कागदांवर येत होता आणि मुले मोजायला कोणी जात नव्हते. त्याचे भोग मात्र एद्दोंसारख्या बायकांच्या वाट्याला आले. आता प्रत्येक सोमाली पाळणाघराकडे आणि दुकानाकडे संशयाने पाहिले जाते, आणि ते मला मनापासून अन्यायाचे वाटते.

मेनचीथंडी

बांटू लोकांविषयी मी सांगू शकते, कारण मी मेन राज्यातील लुइस्टनजवळ काही वर्षे शिक्षिका होते. लुइस्टन हे कापडगिरण्या बंद पडलेले, साधारण ३६,००० वस्तीचे गाव. सोमाली भटक्या पशुपालकांत चराऊ कुरणाचा माग काढायला आधी चार माणसे पुढे पाठवण्याची रीत आहे. अटलांटाजवळच्या महाग आणि असुरक्षित वस्त्यांना कंटाळलेल्या कुटुंबांनी तेच केले: काही माणसे गावोगाव फिरून घरभाडे, शाळा आणि गुन्ह्यांचे प्रमाण पाहून आली, आणि फेब्रुवारी २००१ पासून लुइस्टनमध्ये कुटुंबे येऊ लागली. ऑक्टोबर २००२ मध्ये तेथील महापौरांनी सोमाली वडीलधाऱ्यांना जाहीर पत्र लिहून येणाऱ्यांचा वेग कमी करण्यास सांगितले. त्यानंतर जानेवारी २००३ मध्ये वर्णद्वेष्ट्यांनी गावात सभा लावली तेव्हा तिला मूठभर लोक आले, आणि त्याच दिवशी बेट्स महाविद्यालयात तिच्या विरोधात सुमारे चार हजार माणसे जमली.

बांटू कुटुंबे नंतर आली आणि त्यांना आधीच्या सोमाली जाळ्यात खरोखरच कमी जागा मिळाली. त्यांनी २००५ मध्ये आपली वेगळी संघटना काढली. ती पुढे शेतीकडे वळली, कारण बांटू लोक मुळात जुबा नदीकाठचे शेतकरी. लुइस्टनच्या परिसरात जमीन घेऊन काही कुटुंबे गट करून मका, वाल, भोपळे पिकवतात. घरापुरते ठेवून उरलेले विकतात आणि येणारे पैसे गटात वाटून घेतात. माझ्या वर्गातील एका मुलाची आजी इंग्रजीचा एक शब्द बोलत नसे आणि घरात दिवसभर खिडकीपाशी बसून असे. शेताचा वाफा मिळाल्यावर तीच नातवंडांना पहाटे उठवून कामाला नेऊ लागली. लिस्बन स्ट्रीटवरची वर्षानुवर्षे रिकामी पडलेली दुकाने सोमाली लोकांनी उघडली, आणि २०१५ मध्ये शाळेच्या फुटबॉल संघाने राज्याचे विजेतेपद पहिल्यांदाच मिळवले, ते बव्हंशी या मुलांच्या जोरावर.

मांडवीतीर

पूर्व आफ्रिकेतून बाहेर पडलेल्यांत आपलीही माणसे होती, म्हणून लिहितो. माझे आजोबा गोव्याहून मुंबईला आले, धोबी तलावच्या आपल्या गावाच्या कुडीत राहिले आणि तेथूनच बोटीने मोंबासामार्गे युगांडात कंपालाला गेले. कूड म्हणजे गावाने गावकऱ्यांसाठी चालवलेली निवासाची जागा. वर्गणी थोडी, नियम कडक आणि संध्याकाळी एकत्र प्रार्थना. कंपाला आणि नैरोबीच्या गोवन क्लबांत तीच शिस्त पुढे चालू राहिली.

४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाचे लष्करी शासक इदी अमीन यांनी आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले. ब्रिटनने सुमारे २८,००० लोकांना घेतले आणि जुन्या लष्करी तळांवर छावण्या उघडल्या. लेस्टरच्या नगरपालिकेने मात्र आमच्याकडे येऊ नका अशी जाहिरात युगांडाच्या वृत्तपत्रात दिली. कॅनडाने सहा-सात हजारांना प्रवेश दिला. माझे काका टोरोंटोला पोहोचले तेव्हा त्यांना पहिली खोली, पहिला कोट आणि पहिली मुलाखत मिळाली ती कंपालाच्या क्लबातील ओळखीने, आणि पुढे त्यांनीही नव्याने येणाऱ्यांसाठी तेच केले. पण तुलना करताना तारतम्य हवे. आमच्या लोकांना इंग्रजी येत होते, कारकुनीचा अनुभव होता, चर्चची दारे उघडी होती. दादाबहून आलेल्या विधवेकडे यांतले काहीही नव्हते, आणि तरीही तिने जे उभे केले ते आमच्या क्लबांपेक्षा मोठे आहे असे मी मानतो.

रातपाळी

मी सेंट पॉलमध्ये परिचारिका आहे. भार कोणावर पडतो या प्रश्नाचे माझे उत्तर आहे: पंचविशीतल्या मुलींवर. माझ्याबरोबर काम करणारी एक सोमाली मुलगी दोन ठिकाणी नोकरी करते. पगाराच्या दिवशी सकाळी नैरोबीच्या ईस्टली या सोमाली वस्तीतून तिच्या मावसभावंडांचे आवाजी निरोप येऊन पडलेले असतात: एकाची शाळेची फी, एकीचे बाळंतपण, आजोबांची औषधे. जेवणाच्या सुट्टीत ती ते एकामागून एक ऐकते आणि कागदावर रकमा लिहून बेरीज करते. ज्यांना तिने कधी पाहिलेलेही नाही अशांना ती पैसे पाठवते. तिची आई म्हणते, आपल्यालाही छावणीत असताना असेच कोणीतरी पाठवत होते. त्यावर मुलीला काही बोलता येत नाही.

तिची मोठी बहीण इकडे येण्यासाठी अर्ज करून बसली होती. जानेवारी २०१७ मध्ये सोमालियासह काही देशांवर प्रवेशबंदी आली आणि जून २०२५ मध्ये सोमालियावर पुन्हा बंदी लागली. कुटुंब एकत्र आले असते तर कमावणारे हात वाढले असते. बंदीमुळे पाठवणारी एकच राहिली आणि खाणारी तोंडे तिकडेच. आपण आपल्या मराठी मंडळांतून त्यांच्याबरोबर काही करू इच्छित असू, तर या मुलींना शिक्षण अर्धवट सोडावे लागणार नाही एवढे पाहावे. परिचर्येच्या परवाना परीक्षेची तयारी करून घेणे, शुल्काची माहिती देणे, मुले सांभाळणे, एवढे आपल्याला सहज जमण्यासारखे आहे.

नवखाप्रवासी

एक शंका आहे. हगबादची रक्कम आधी उचलून कोणी गाव सोडून गेले, तर काय होते? न्यायालयात तर कोणी जात नसेल.

उत्तरवारा (धागाकर्ती)

न्यायालयात कोणी गेल्याचे मी ऐकलेले नाही. नव्या बाईला गटात घेताना जुन्यापैकी एकीने तिच्यासाठी शब्द द्यावा लागतो, आणि तिची पाळी शक्यतो शेवटी ठेवतात. तरीही कोणी हप्ते बुडवले, तर वही सांभाळणारी आणि शब्द देणारी या दोघी मिळून ती रक्कम भरतात, म्हणजे बाकीच्यांची पाळी चुकत नाही. मग गेलेल्या बाईच्या नातलगांकडे, ती ज्या शहरात गेली असेल तेथील ओळखीच्यांकडे, निरोप जातात. कोलंबस, सिएटल, टोरोंटो, लंडन, कुठेही गेली तरी निरोप पोहोचतोच, आणि तेथील गटात तिला पैसे फेडल्याशिवाय घेत नाहीत. नोकरी गेली किंवा मूल आजारी पडले म्हणून हप्ता चुकला असेल, तर गोष्ट वेगळी. एद्दोंच्या गटात एकीची नोकरी गेली तेव्हा तिचे हप्ते पुढे ढकलले गेले, तोवरची तूट बाकीच्यांनी थोडी थोडी वाटून घेतली आणि काम लागल्यावर तिने ते सगळे फेडले. ती आता पुढच्या फेरीतही आहे.